दर्या आणि दऱ्या

दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल घळी. अक्षरं दोन्हींत तीच, फरक र कुठे बसतो त्याचा. पहिल्या शब्दात तो रफार होऊन ‘या’च्या डोक्यावर चढतो, दुसऱ्यात ‘या’च्या डाव्या खांद्याला आडवा चिकटतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना ही जोडी तर सगळ्यांच्या ओळखीची: एकांना वंदन करायचं, दुसऱ्यांना मसालेभात किती पानांचा टाकलाय ते विचारायचं. हिंदीचं या आडव्या र शिवाय काही अडत नाही. मराठीत तो पदोपदी लागतो. करणाऱ्या, येणाऱ्या, दुसऱ्या, साऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, कऱ्हाड. साध्या बातमीच्या एका परिच्छेदात तो तीन-चारदा सहज सापडेल.

म्हणून मराठी मजकुरासाठी फॉन्ट निवडायला बसलं की आधी ‘दऱ्या’ टाइप करून बघावं. फॉन्ट मराठीचा विचार करून केलेला असेल तर आडवा र शिरोरेषेखाली नीट वळण घेऊन ‘या’ला भिडतो. नसेल तर पाय मोडलेला र आणि त्याच्या शेजारी परका ‘या’ दिसतो, नाहीतर तेवढाच तुकडा दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून उसना आलेला असतो आणि त्याची जाडी बाकीच्या ओळीशी जुळत नाही.

प्रत्यक्षात निवड वेगळ्याच रस्त्यानं होते. यादी उघडायची, ‘आमंत्रण’ हा शब्द मोठ्या आकारात टाकायचा, नावं खाली सरकवत राहायचं आणि डोळ्याला बरं वाटलं तिथे थांबायचं. ‘आमंत्रण’मध्ये फॉन्टची परीक्षा घेईल असं एकही अक्षर नाही. आ, म, त्र, ण कुठल्याही फॉन्टात बरीच दिसतात, कारण फॉन्ट करणाऱ्यानं सगळ्यात आधी आणि सगळ्यात प्रेमानं तीच काढलेली असतात. फॉन्टचं खरं रूप कळतं ते आडवळणाच्या अक्षरांत. त्यासाठी एक ओळ तयार ठेवावी आणि प्रत्येक नव्या फॉन्टला तीच घालावी:

दर्या, दऱ्या, मूर्तींच्या, महत्त्व, चिठ्ठ्या, उद्ध्वस्त, वाङ्मय, हृदय, शृंगार, स्त्रियांनी, ॲप, ऑफिस, ट्रॅक्टर, खा, रवा, रुपया, रूप, घन, धन, भरण, मरण, लाल, शाल, ₹ १२३४५६७८९०.

वाक्य म्हणून तिला काही अर्थ नाही, पण यातला प्रत्येक शब्द कुठे ना कुठे दगा देणारा आहे. ‘महत्त्व’मध्ये दोन त आणि एक व. नऊ पॉइंटात, साध्या कागदावर, त्यातला एक त पुसट झाला की वाचणाऱ्याला ‘महत्व’ दिसतं आणि बोलणी प्रूफ वाचणाऱ्याला बसतात. ‘चिठ्ठ्या’त ठ खाली ठ येतो. काही फॉन्ट एकाखाली एक रचतात, काही पाय मोडून शेजारी ठेवतात. दुसरी पद्धत चुकीची नाही, पण मराठी डोळ्याला ती अडखळवते आणि शब्दही लांबतो. पहिली पद्धत देखणी, पण ती खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन धडकते, म्हणजे तिची किंमत ओळींमधल्या अंतरात मोजावी लागते.

‘खा’ आणि ‘रवा’ ही जुनी दुखणी. ख म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले र आणि व, म्हणून लिपिसुधारणेच्या काळात र ची शेपटी व ला जोडण्याची पद्धत आली. तो जोड ज्या फॉन्टात नाजूक असतो तिथे झेरॉक्सच्या दुसऱ्या प्रतीत ‘खा’चा ‘रवा’ होतो. ध आणि भ यांच्या डोक्यावरची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, घ आणि म यांची अखंड. सगळा भेद त्या एवढ्याशा फटीचा. जाड वेटमध्ये, म्हणजे जाड रेषेच्या अक्षरांत, ती फट बुजली की धनाचा घन होतो. ‘वीजबिल भरणा केंद्र’ अशी पाटी करायची असेल तर ही फट लांबूनही दिसते ना, हे दोनदा तपासलेलं बरं.

‘लाल’ आणि ‘शाल’ हे शब्द यादीत आहेत त्याचं कारण फॉन्ट मराठी बोलतो की हिंदी ते यांवरून कळतं. हिंदीत ल ला उजवीकडे उभा दंड असतो आणि श च्या डोक्याशी गाठ. मराठी ल पाकळ्यांचा आणि मराठी श देठाचा. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात हाच पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीसाठी सांगितला आहे. आता गंमत अशी की बऱ्याच चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण उघडताना हिंदी रूप समोर येतं. मराठी रूप आत झोपलेलं असतं आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की जागं होतं. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅरेक्टर पॅनलवर भाषा मराठी निवडायची, वर्डमध्ये प्रूफिंगची भाषा मराठी करायची, वेबपानावर भाषेच्या खुणेत मराठीचा संकेत घालायचा. पुष्कळ ठिकाणी हिंदी ल छापला जातो तो फॉन्टमुळे नाही, हे बटण कोणी दाबलेलं नसतं म्हणून. मोबाइलवरच्या झटपट पोस्टर करणाऱ्या ॲपांत बहुधा भाषा निवडायची सोयच नसते. तिथे मूळ रूपच मराठी असलेला फॉन्ट घ्यावा. टिरो देवनागरी या कुटुंबाचे हिंदी, मराठी आणि संस्कृत असे तीन वेगळे फॉन्ट आहेत ते याचसाठी.

हिंदी ल नं मराठी वाचन अडत नाही, हे कबूल. जाहिरातीत तो खपून जातो. बालवाडीच्या पुस्तकात मात्र तो येऊ देऊ नये. मूल पाटीवर एक ल गिरवतं आणि पुस्तकात दुसराच बघतं, आणि चूक आपली असं समजतं.

आता ‘मूर्तींच्या’कडे जरा जवळून बघू. ‘र्तीं’ या एका अक्षराच्या डोक्यावर तीन गोष्टी आहेत: दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार. त्याच शब्दात आधीच्या ‘मू’ला खाली दीर्घ उकार. म्हणजे इंग्रजी ओळीत जिथे एक मजला असतो तिथे देवनागरीत तीन असतात, आणि वरच्या मजल्यावर कधी कधी तीन बिऱ्हाडं. अक्षरांचे धातूचे खिळे जुळवून छापायच्या काळात जुळाऱ्यांचा जीव या मजल्यांनीच घेतला. डिग्री पद्धतीत मधलं अक्षर एका खिळ्यावर, मात्रा वरच्या खिळ्यावर आणि उकार खालच्या खिळ्यावर अशी एका ओळीत तीन ओळींची जुळणी चाले. अखंड पद्धतीत मात्रेचा भाग खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबता ठेवत, तो दाबाखाली मोडे. १८६९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या निर्णयसागर छापखान्याची जावजी दादाजींची अक्षरं नावाजली गेली ती याच अडचणींतून वाट काढून. आजच्या फॉन्टात काही मोडत नाही, पण जागा तेवढीच लागते.

संगणकाचं ‘ऑटो’ लीडिंग, म्हणजे ओळींमधलं आपोआप ठरणारं अंतर, इंग्रजीच्या हिशोबानं १२० टक्के असतं. बारा पॉइंटाला १४.४. या अंतरात मराठी मजकूर लावला की ‘चिठ्ठ्या’चा पाय खालच्या ‘र्तीं’च्या टिंबावर पडतो. मराठी पुस्तकाच्या मजकुराला १४० ते १५५ टक्के धरावं: बारा पॉइंटाला १७ ते १८.५. ओळ लांब असेल तर अंतर जास्त, रुंदी कमी असेल तर थोडं कमी. स्क्रीनवर १७-१८ पिक्सेलला १.६ ते १.७ पट. मथळा दोन ओळींत मोडत असेल तर तिथे टक्केवारी उपयोगाची नाही. वरच्या ओळीत खाली काय लोंबतंय आणि खालच्या ओळीत वर काय चढतंय ते बघून हातानं अंतर ठरवायचं. कधी शब्द बदलून ओळ दुसरीकडे मोडली तरच प्रश्न सुटतो. मोबाइलच्या बटणांत ही चूक फार दिसते. बटणाची उंची इंग्रजीवर बेतलेली, म्हणून वेलांटीचा माथा आणि रफार वरून कापला जातो, आणि ‘नोंदणी पूर्ण करा’ या साध्या सूचनेतला ‘पूर्ण’ अपूर्ण राहतो.

पॉइंट हे मापही फसवं आहे. बारा पॉइंट म्हणजे अक्षर भोवतालच्या ज्या अदृश्य चौकटीत बसतं तिची उंची. चौकटीत अक्षर केवढं काढायचं हे फॉन्ट करणाऱ्याच्या हातात. विंडोजबरोबर आलेले कोकिळा किंवा अपराजिता बारा पॉइंटात लावले आणि शेजारी मंगल बारा पॉइंटात लावला की कोकिळा दोन-तीन पॉइंटांनी लहान वाटतो. म्हणून ‘मजकूर बारा पॉइंटात हवा’ या सूचनेला फॉन्टच्या नावाशिवाय काही अर्थ नाही. खात्रीचं माप म्हणजे छापील प्रतीवर पट्टी ठेवून शिरोरेषेपासून कान्याच्या टोकापर्यंतची उंची मोजणं. मोठ्यांच्या वाचनाच्या पुस्तकाला साधारण सव्वादोन ते अडीच मिलिमीटर, ज्येष्ठांसाठी तीन, पहिलीच्या मुलांसाठी चारच्या पुढे.

मंगलचा विषय निघालाच आहे तर, हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केला. जोशी म्हणजे कवी, सुलेखनकार आणि पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवणारे शिक्षक. मंगल बेतला होता त्या काळच्या जाड पिक्सेलच्या पडद्यांसाठी, तिथे तो चोख काम करतो. दोष त्याचा नाही, तो उचलून कवितासंग्रहाला लावणाऱ्यांचा आहे. पान मग सरकारी परिपत्रकासारखं दिसतं.

कुठल्या कामाला कुठला, याचं कोष्टक करता येत नाही, पण काही गोष्टी अनुभवानं पक्क्या झाल्या आहेत. लांबलचक वाचनाला रेषेत जाड-बारीक असलेला फॉन्ट घ्यावा. टिरो मराठी त्यासाठी उत्तम, पण त्यात बोल्ड नाही, हे काम सुरू करण्याआधी लक्षात ठेवायचं. अहवाल, तक्ते, फॉर्म, सूचना यांसाठी मुक्ता: ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेच्या या फॉन्टात बारीकपासून अतिजाडपर्यंत सात वेट आहेत, म्हणजे मथळा, उपमथळा, मजकूर, टीप सगळं एकाच कुटुंबात भागतं. पॉपिन्सची अक्षरं भूमितीची, एकाच जाडीची. ॲपच्या पडद्यावर ती झकास दिसतात, दोनशे पानांच्या कादंबरीत डोळा थकवतात. मोदक नावाप्रमाणे गुबगुबीत. त्याच्या पोटातल्या जागा जवळजवळ बुजलेल्या आहेत, म्हणून तो दोन शब्दांच्या मथळ्यापलीकडे नेऊ नये. जैनी हा जैन पोथ्यांच्या वळणावरून केलेला फॉन्ट. त्यात किराणा दुकानाची यादी लावली तर वाण्यालाही ती मंत्रासारखी वाटेल.

बोल्ड नसलेल्या फॉन्टाला बी चं बटण दाबून बोल्ड करणं हे सर्रास चालतं. सॉफ्टवेअर तेव्हा अक्षराला चारही बाजूंनी सारखी सूज आणतं. इंग्रजी ओ त्यातून निभावतो. क्ष, ळ, ज्ञ, द्ध यांची पोटं भरून येतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो आणि ध ची फट बंद होते. तिरकं करण्याचंही तसंच. देवनागरीत तिरप्या अक्षरांची परंपरा नाही. वाक्यातला एखादा शब्द वेगळा दाखवायचा असेल तर एक पायरी जाड वेट घ्यावं किंवा अवतरणचिन्हं घालावीत. मराठी वाचकाला त्यांची सवय आहे.

शिरोरेषेनं देवनागरीला जे रूप दिलंय त्यामुळे इंग्रजीतल्या निम्म्या क्लृप्त्या इथे बाद होतात. इंग्रजी मथळ्यात अक्षरं थोडी सुटी केली की तो ऐटदार दिसतो. मराठी मथळ्यात ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. उणे ट्रॅकिंग केलं तर अक्षरं एकमेकांवर चढतात. म्हणून शून्य. शब्द लांब दिसायला हवा असेल तर रुंद फॉन्ट शोधावा. ‘एक टाइप’च्याच ‘अनेक’ नावाच्या फॉन्टात रुंदी कमी-जास्त करता येते. इनडिझाइनमध्ये कर्निंग ‘ऑप्टिकल’ असेल तर सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षरजोडीत स्वतःच्या अंदाजानं अंतर घालतं आणि शिरोरेषेत केसाएवढी फट राहते. पडद्यावर ती दिसत नाही, लेझर प्रिंटवर दिसते. ‘मेट्रिक्स’ ठेवावं. जस्टिफिकेशनच्या खिडकीत लेटर स्पेसिंगच्या तिन्ही रकान्यांत ०, ०, ० आणि वर्ड स्पेसिंग ८०, १००, १३३ च्या आसपास.

दोन्हीकडून सरळ कडा हव्या असतील आणि स्तंभ अरुंद असेल तर मराठीचे प्रत्यय आडवे येतात. ‘विद्यार्थ्यांच्यासाठीसुद्धा’ हा एकच शब्द चार सेंटिमीटरचा स्तंभ अडवून बसतो, मग त्याच्या वरच्या ओळीत दोनच शब्द उरतात आणि त्यांच्या मधून बैलगाडी जाईल एवढी जागा पडते. शब्द जागच्या जागी तोडायला हायफनेशन चालू करावं, पण तोडलेली जागा डोळ्यानं तपासावी, कारण ‘विद्या-र्थ्यांना’ अशी तोड वाचणाऱ्याला ठेच लावते. त्यापेक्षा अरुंद स्तंभात उजवी कडा मोकळी सोडलेली चांगली. पुस्तकात एका ओळीत आठ ते अकरा शब्द येतील अशी रुंदी ठेवली की हा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

शिरोरेषेचा आणखी एक तमाशा फ्लेक्सवर बघायला मिळतो. लाल अक्षरांना पांढरी किनार द्यायची असते. फॉन्टात प्रत्येक अक्षर स्वतःची शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजारच्या शिरोरेषेवर थोडं चढतं, म्हणजे मध्ये फट पडू नये. किनार दिली की ती प्रत्येक अक्षराभोवती स्वतंत्रपणे फिरते आणि सलग शिरोरेषेत उभ्या चिरा दिसू लागतात. कानाही वेगळा, वेलांटीही वेगळी, सगळ्यांभोवती कुंपण. उपाय सोपा आहे: मजकूर आधी कर्व्ह करायचा, म्हणजे अक्षरांचं आकृत्यांत रूपांतर करायचं, मग सगळे तुकडे एकत्र निवडून कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट, आणि मग किनार. किनार आतल्या बाजूला न देता मागे दुसरी प्रत ठेवून तिला द्यावी, नाहीतर अक्षराची मूळ जाडी खाल्ली जाते. कर्व्ह करण्याआधीची फाइल जपून ठेवावी, कारण तारीख बदलल्याचा फोन हमखास येतो.

मराठी-इंग्रजी एकत्र असलेल्या कामात जोडी कशी लावायची? इथे बोरू आठवावा. बोरूचं टोक इंग्रजी लेखणीच्या उलट्या बाजूला तिरपं कापलेलं असतं, म्हणून दोन लिप्यांत जाड-बारीक रेषा वेगवेगळ्या दिशांना पडतात. उभी रेघ जाड आणि आडवी केसासारखी असलेला नाजूक इंग्रजी फॉन्ट भक्कम शिरोरेषेच्या देवनागरीशेजारी ठेवला की दोघांपैकी एक जण परका दिसतोच. जाड-बारीक फार नसलेला इंग्रजी फॉन्ट घेतला की भांडण मिटतं. एकाच कुटुंबात दोन्ही लिप्या असतील तर पुष्कळसं काम झालेलं असतं, तरी डोळ्यानं बघावं. शिरोरेषा साधारणपणे इंग्रजीच्या लहान अक्षरांच्या उंचीपेक्षा वर आणि कॅपिटलपेक्षा किंचित खाली आली की ओळ समतोल वाटते. तशी येत नसेल तर इंग्रजी शब्दांसाठी वेगळी कॅरेक्टर स्टाइल करून त्यांचा आकार ८८ ते ९५ टक्के ठेवावा आणि ग्रेप स्टाइलनं ती आपोआप लागेल असं करावं. पूर्णविराम, स्वल्पविराम आणि अवतरणचिन्हं मात्र देवनागरीच्या फॉन्टातलीच राहू द्यावीत, नाहीतर टिंबाएवढा पूर्णविराम ओळीच्या शेवटी हरवतो.

जुन्या फाइलींचं एक वेगळंच प्रकरण. श्रीलिपी, शिवाजी वगैरे फॉन्टांच्या जमान्यात इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट काढून घेतला की खाली इंग्रजी खुणांचा चिवडा उरतो. शोध घेता येत नाही, वेबवर टाकता येत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या सामाईक संकेतांत, रूपांतर करणारी साधनं आहेत, आणि ती नव्वद टक्के काम बरोबर करतात म्हणूनच घातक आहेत, कारण माणूस उरलेलं बघत नाही. रूपांतरानंतर नेमक्या या गोष्टी शोधाव्यात: ‘णार्या’ असा रफार पडलाय का, कारण आडवा र बहुतेक वेळा इथेच मरतो. ‘अॅ’ आणि ‘ॲ’ मिसळलेत का, दिसायला सारखे असले तरी संगणकाला ती दोन वेगळी लेखनं आहेत आणि शोधताना एक सापडतं, दुसरं नाही. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकलाय का. अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच काही आलंय का. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० चं, म्हणून जुन्या मजकुरात ते असणारच नाही. तिथे ‘रु.’ असेल आणि तेच राहू द्यावं.

युनिकोड मजकूर असूनही फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात आणि लोक फॉन्ट खराब म्हणून दुसरा उतरवून घेतात. दुसराही तसाच दिसतो. बिघाड जुळणीच्या इंजिनात असतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइप प्रेफरन्सेसमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावं लागे (त्याहून जुन्या आवृत्तीत त्याचं नाव मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन), इलस्ट्रेटरमध्ये इंडिक ऑप्शन्स दाखवायला सांगून परिच्छेदाचा कंपोझर बदलायचा, इनडिझाइनमध्ये अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर. आधी टाइप केलेल्या चौकटीला हे नेहमी आपोआप लागत नाही. ती निवडून पुन्हा सांगावं लागतं.

नाटकाचं नाव, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, अशा कामाला फॉन्ट लावूच नये असं वाटण्याजोगी परंपरा मराठीत आहे. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं हातानं काढली, आणि वर्तमानपत्राच्या छोट्याशा जाहिरातीतून ती नावं नाटकाचा बाज सांगून जात. फॉन्टातला प्रत्येक ल दुसऱ्या ल सारखाच असतो. सुलेखनाचा आव आणणाऱ्या फॉन्टात ‘ललित’ लिहिलं की दोन्ही ल एकाच साच्यातून पडलेले दिसतात आणि हाताचा भास तिथेच संपतो. बजेट नसेल तर किमान कर्व्ह करून दुसऱ्या ल ची पाकळी थोडी हलवावी, शेवटची वेलांटी लांबवावी.

राहता राहिली दुकानाची पाटी. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली: नाव मराठीत, देवनागरीत, आणि दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. आता ‘लहान नको’ म्हणजे काय मोजायचं? इंग्रजी कॅपिटल सहा इंच आहेत, म्हणून मराठी शब्द वेलांटीच्या माथ्यापासून उकाराच्या तळापर्यंत सहा इंचात बसवला, तर मूळ अक्षर जेमतेम साडेतीन इंच उरतं. कागदावर आकार सारखा, रस्त्यावरून मराठी निम्मी. शिरोरेषेपासून पायापर्यंत सहा इंच धरायचे, मग वर-खाली प्रत्येकी अडीचेक इंच, म्हणजे मराठी ओळीला अकरा इंच उंची लागते. पाटीची चौकट बनवायच्या आधी हा हिशोब करायचा, वेल्डरनं अँगल कापल्यावर नाही. अंतराचा ठोकताळा असा: दर दहा फुटांना एक इंच अक्षर. चाळीस फुटांवरून वाचायचं तर चार इंच, मराठी जोडाक्षरं असतील तर पाच.

अक्षरं ॲक्रिलिकची किंवा पत्र्याची कापून बसवायची असतील तर शिरोरेषा मदतीला येते. सगळा शब्द एका तुकड्यात निघतो आणि सरळ बसतो, इंग्रजीसारखं एकेक अक्षर ओळीत लावत बसावं लागत नाही. सुटं राहतं ते बहुतेक वेळा अनुस्वाराचं टिंब. कागदावर ते गळलं तर ‘त्यांचा सत्कार’ हा ‘त्याचा सत्कार’ होतो आणि सत्कारमूर्तीचा मान जातो. पाटीवर ते टेपनं किंवा गोंदानं चिकटवलेलं असतं आणि दोन पावसाळ्यांत पडतं. ‘आनंद स्वीट्स’च्या डोक्यावर मग नुसती डिंकाची खूण राहते. कापायला देण्याआधीच कर्व्ह केलेल्या फाइलीत टिंब खाली ओढून शिरोरेषेला भिडवावं, मध्ये चार-पाच मिलिमीटर रुंदीचा जोड ठेवावा आणि वेल्ड करून एकाच पत्र्यातून कापायला सांगावं. तो जोड शिडीवर चढलेल्या माणसाला दिसतो, रस्त्याच्या पलीकडून नाही.